दादाच्या साठीला ब्लू लेबल घ्यावी का?

प्रश्न
थोरल्या भावाची साठी आहे. तो वर्षानुवर्षं जॉनी वॉकर ब्लॅक लेबल व्हिस्की घेतो. यंदा ब्लू द्यावी असं मनात आहे, पण किंमत कितीतरी पट! चवीत तेवढा फरक पडतो का?

प्रतिसाद
फरक आहे, पण किमतीएवढा नाही. ब्लॅकवर १२ वर्षं लिहिलेलं असतं, म्हणजे मिश्रणातली सगळ्यात कोवळी व्हिस्कीसुद्धा १२ वर्षांची. ब्लूवर वयच नसतं. तिथे दुर्मिळ पिंपांचे पैसे मोजायचे. ती फार मऊ लागते. आधी मध, मग सुकामेवा, आणि घोट उतरल्यावर धुराची बारीकशी रेघ. ही रेघ मला मनापासून आवडते. सोडा ओतला की ती गेलीच. दादा कशी घेतात?

प्रश्नकर्ता
सोडा आणि भरपूर बर्फ.

प्रतिसाद
मग ब्लू नको. ग्रीन लेबल बघा: १५ वर्षांची, निव्वळ माल्ट (म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की), इतर धान्यांची ग्रेन व्हिस्की अजिबात नाही. तिच्यात तालिस्कर आणि कूल ईला या धुरकट चवीच्या माल्ट व्हिस्की आहेत, त्यामुळे धूर सोड्यातही टिकतो. शिवाय ती ४३ टक्के अल्कोहोलची आहे. ब्लूपेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल.

आणखी एक प्रतिसाद
मला हे पटत नाही. साठी एकदाच येते. ऐपत असेल तर ब्लूच द्या, फक्त पहिला पेग नुसता घ्यायला लावा, बाजूला गार पाण्याचा ग्लास ठेवून. आणि परदेशातून कुणी येणार असेल तर विमानतळावरचा भाव आधी विचारा, महाराष्ट्रात करामुळे फारच महाग पडते.