सशिणीचं गर्भाशय काढून घ्यावं का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा (सातारा)

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. घरी चिनू आहे, पांढरी सशीण, सव्वा वर्षाची. तिचं ऑपरेशन करायचं की नाही हे या आठवड्यातच ठरवायचंय, कारण मिस्टरांना पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे आणि गाडी तेव्हाच मिळेल.

आधी ढमीचं, म्हणजे आमच्या आधीच्या सशिणीचं सांगते. ती साडेचार वर्षांची असताना ट्रेमधल्या कागदावर लालसर डाग दिसायला लागले. सशांची लघवी खाण्यामुळेही लाल होते, हे मला माहीत होतं. म्हणून बीटाची पानं बंद केली आणि निर्धास्त राहिले. पंधरा दिवसांनी नीट वाकून पाहिलं, तर लघवी पिवळीच होती आणि रक्ताची गुठळी तिच्याशेजारी वेगळी पडलेली. गर्भाशयात गाठ निघाली. महिन्याभरात ती गेली. मादी सशांमध्ये हा कर्करोग फार आढळतो आणि तीन-चार वर्षांनंतर धोका वाढत जातो, हे मला ती गेल्यावर कळलं. ते पंधरा दिवस अजून मनातून जात नाहीत.

आता चिनूने गेल्या महिन्यात गळ्याखालचे केस उपटून कपाटाखाली घरटं केलं. गवताच्या काड्या तोंडात आडव्या धरून दिवसभर येरझाऱ्या. घरात नर नाही, म्हणजे खोटं गाभणपण. अडीच आठवड्यांत निवळलं, पण तेवढे दिवस ती हात लावू देत नव्हती.

सासूबाई म्हणतात, "धडधाकट जिवाला कशाला कापायचं?" त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. ब्रिटनमधल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात निरोगी सशांमध्ये भूल दिल्यावर दगावण्याचं प्रमाण ०.७३ टक्के होतं, निरोगी कुत्र्यांमध्ये ०.०५. त्यातही बरेचसे ससे ऑपरेशन झाल्यानंतरच्या तासांत गेले होते.

माझं मन ऑपरेशनकडेच झुकतंय. अडलंय ते डॉक्टरांपाशी. इथे एका दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. सशाला उलटी होतच नाही, मग उपाशी कशाला? उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात आणि तेच जिवावर बेततं. किती सशिणींची ऑपरेशनं केलीत म्हणून विचारलं, तर "कुत्री-मांजरं रोजच करतो" एवढंच उत्तर मिळालं. तिथे चिनूला टेबलावर ठेवायची माझी तयारी नाही.

शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात कुणी ससा नेलाय का? तिथे सशांची ऑपरेशनं होतात का? नाहीतर थेट पुणं गाठावं लागेल. त्याच दिवशी गाडीतून परत आणणं झेपतं का, की एक रात्र तिथेच मुक्काम करावा? मध्ये खंबाटकीचा घाट आहे, म्हणून विचारते. वेदनाशामक घरी किती दिवस दिलंत? टाके चावू नयेत म्हणून काय केलंत? गळ्यात कॉलर घातली तर ती खाणंच सोडेल अशी भीती वाटते.

ज्यांची सशीण ऑपरेशननंतर वाचली नाही, त्यांनीही लिहा, जमलं तर. वय काय होतं आणि शुद्धीवर आल्यावर किती तासांनी तिने पहिलं पान तोंडात घेतलं, एवढं मात्र सगळ्यांनीच नक्की सांगा.