मदत हवी आहे: डी जीवनसत्त्व भरून आलं, तरी मुलीचे पाय वाकडेच

लेक अडीच वर्षांची आहे. चालायला लागल्यापासून गुडघ्यांपासून पाय बाहेर वाकलेले आणि चाल बदकासारखी. एक्स-रेत मनगटाच्या हाडांची टोकं रुंद, खोलगट आणि कडा विस्कटलेल्या दिसल्या. मुडदूस असल्याचं सांगून डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू केलं, एकही दिवस न चुकता दिलं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. डी ४१, कॅल्शियम ९.५, फॉस्फरस २.७, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या आजारात वाढणारं एन्झाइम) ८२०. फक्त शेवटच्या आकड्यापुढे जास्त असल्याचा बाण आहे, बाकी सगळं नॉर्मल. एक्स-रे मात्र जसाच्या तसा. आता डी चं मोठ्या डोसचं इंजेक्शन सुचवलंय. पातळी चांगली असताना पुन्हा डी कशासाठी? कुणाला असा अनुभव आहे का?

प्रतिसाद १
फॉस्फरसच्या पुढे रेंज काय छापली आहे?

धागाकर्ती
२.५ ते ४.५.

प्रतिसाद २
अहो, ती मोठ्या माणसांची रेंज आहे! या वयात फॉस्फरस साधारण चारच्या वर असतो. म्हणजे २.७ चक्क कमी आहे. बऱ्याच लॅब वय न बघता एकच रेंज छापतात, संताप येतो.

साध्या मुडदुसात डी दिल्यावर महिना-दीड महिन्यात एक्स-रेत भरून येण्याची खूण दिसू लागते. इथे दिसत नाही आणि फॉस्फरसही कमी आहे, म्हणजे तो लघवीवाटे वाहून जातोय का हे बघायला हवं. इंजेक्शनआधी हे डॉक्टरांना विचाराच, कारण गरज नसताना डी चे मोठे डोस दिले तर कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. रक्त आणि लघवी एकाच वेळी देऊन दोन्हींतलं फॉस्फेट (म्हणजे फॉस्फरसच) आणि क्रिएटिनिन तपासतात. सोबत पॅराथायरॉइड हार्मोन, बायकार्बोनेट आणि लघवीतली साखरही. मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) किंवा किडनीच्या डॉक्टरांकडे जा. घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत का?

धागाकर्ती
ह्यांचे आहेत. उंचीही कमी. सासूबाई म्हणतात, घराण्याची ठेवणच तशी. आणि दाताला कीड नसताना हिरडीत पू झाला होता. धाकटा मुलगा चार महिन्यांचा आहे, त्यालाही होईल का?

प्रतिसाद २
मग एक्स गुणसूत्रावरून येणारा हायपोफॉस्फेटेमिया, म्हणजे फॉस्फरस लघवीवाटे जाऊन रक्तात कमी पडण्याचा आनुवंशिक आजार आहे का, ते विचारा. दातांचं ते लक्षणही त्यात बसतं. तोच निघाला, तर वडिलांकडून सगळ्या मुलींना येतो, मुलग्यांना नाही, कारण मुलाला वडिलांचं वाय मिळतं. ह्यांचाही फॉस्फरस तपासून घ्या.

उपचार आहेत. फॉस्फेट दिवसातून अनेकदा विभागून देतात, एकदम दिलं की जुलाब होतात. जोडीला डी चं सक्रिय रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल. २०१८ पासून बुरोसुमॅब हे इंजेक्शनही मंजूर आहे, पण खूप महाग. जुने एक्स-रे सोबत न्या, नुसते रिपोर्ट नकोत.