दिवेआगर ते वेंगुर्ला किनाऱ्याकिनाऱ्याने, ७ दिवस, सेडान, सोबत ज्येष्ठ: जमेल का?

मुळामुठेकाठचा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघायचं, दिवेआगरला समुद्र गाठायचा आणि तिथून किनारा न सोडता वेंगुर्ल्यापर्यंत उतरायचं, असा बेत आहे. जाणं-येणं धरून ७ दिवस. गाडी पेट्रोल सेडान. माणसं पाच: आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, आई (वय ७१, गुडघे दुखतात, शाकाहारी) आणि बाबा (पक्के मासेखाऊ).

नकाशावर चार-साडेचारशे किलोमीटर दिसतात, म्हणजे रोज साठ-सत्तरच. मग सगळे "जमणार नाही" का म्हणतात? फेरीबोटीत सेडान चढते का? हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची म्हणतात, तर ओहोटी कधी हे आधी कसं कळणार? आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी नेता येते का? मुलाचा हट्ट आहे.

खाडीपलीकडे

वेंगुर्ला यादीतून काढा, पुढचं सगळं सोपं होईल.

या रस्त्यावर किलोमीटर मोजून उपयोग नाही, खाड्या मोजायच्या. दिवेआगर ते रत्नागिरी यात तीन मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत: बागमांडला–वेश्वी (सावित्री), दाभोळ–धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ–जयगड (शास्त्री). प्रत्यक्ष पाण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात, पण रांग, तिकीट, गाड्या लावणं आणि पुढच्या बोटीची वाट हे धरून प्रत्येकीला तास-दीड तास बाजूला ठेवा. उरलेला रस्ता एकेरी वाटावा इतका अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यायचं. ताशी सरासरी ३० धरा, म्हातारी माणसं असतील तर २५.

फेरीबोट टाळून पाहण्याचा विचारही करू नका. दाभोळसमोर धोपावे डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर चिपळूणला वळसा घालून शंभरावर किलोमीटर होतात. ही दाभोळची फेरी २००३पासून चालू आहे आणि तिन्हींत सगळ्यात जास्त खेपा तिच्याच. तवसाळ–जयगडला खेपा कमी, तिथे एक चुकली तर चांगलीच खोटी होते. पहिली-शेवटची खेप कधी हे आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या मालकाला विचारा, नेटवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका.

७ दिवस असे वाटून घ्या. पहिला दिवस पुणे–ताम्हिणी–माणगाव–म्हसळा–दिवेआगर, साधारण १६० किलोमीटर, थांबत गेलात तर पाच तास. दुसऱ्या दिवशी दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी करत श्रीवर्धन. हा तुकडा घाईत उरकू नका, रस्ता अक्षरशः पाण्याच्या कडेने जातो आणि पुढे कुठेच इतका वेळ तसा जात नाही. मग हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरी, वेश्वीला उतरून केळशीमार्गे आंजर्ले. आंजर्ल्याला दोन रात्री. कड्यावरच्या गणपतीला पायवाटेने चढायची गरज नाही, गाडी देवळापर्यंत जाते, आईंना त्रास होणार नाही. संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव.

चौथ्या दिवशी दापोली–दाभोळ–फेरी–गुहागर, तिथे पुन्हा दोन रात्री. मधल्या दिवशी वेळणेश्वर आणि हेदवी. सहाव्या दिवशी तवसाळहून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. सातव्या दिवशी निवळीला महामार्गावर येऊन चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज करत पुणे. हा शेवटचा दिवस लांबच आहे, सात वाजता चाक हललं पाहिजे. वेळ उरलाच तर गणपतीपुळ्याहून आरे-वारेचा रस्ता रत्नागिरीच्या बाजूने दहाएक किलोमीटर जाऊन परत या. वरच्या वळणावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात.

नकाशाच्या ॲपबद्दल एक. दिवेआगर ते गुहागर असं एकदम विचारलंत तर ते मुकाट्याने महाड-चिपळूणचा महामार्ग ६६ दाखवतं. 'फेरी टाळा' हा पर्याय बंद आहे ना ते पाहा आणि एका वेळी एकच तुकडा टाका: श्रीवर्धन ते बागमांडला जेटी, वेश्वी ते केळशी, असं.

२६ जानेवारी शनिवार-रविवारला जोडून येत असेल, तर त्या दिवसांत फेरीवर सकाळी नऊच्या आत पोचा. दुपारी जेटीवर गाड्यांची शेपटी गावात शिरते.

पाऊणकी

ओहोटीचं सांगतो. ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

तिथीला पाऊणने गुणायचं, उत्तर येतं ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, पहाटे साधारण तशीच. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. द्वादशीला भरती नऊला, ओहोटी तीनला. शुद्ध असो वा वद्य, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासूनच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि जसजसे दक्षिणेला जाल तशी भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. तरी दिवस आखायला हा हिशेब पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट, उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती: पाणी खूप चढतं, तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग: चढउतार कमी.

आता हे कुठे लावायचं? हरिहरेश्वरला काळभैरवाच्या देवळामागून पायऱ्या चढून, मग डोंगराच्या चिरेतून खाली खडकांवर उतरतात. खालचा टप्पा समुद्राच्या पाण्याने कोरलेल्या कातळावरून आहे. ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी उतरायला लागा आणि पाणी वळायच्या आत बाहेर पडा. उलट केलंत, म्हणजे ओहोटी होऊन गेल्यावर उतरलात, तर परतताना पाणी चढत असतं आणि कडेला कातळ सरळ उभा, मागे सरायला जागा नाही. माणसं वाहून गेली आहेत ती अशीच. शेवाळलेल्या हिरव्या कातळावर पाय देऊ नका, काळा कोरडा बघून टाका. आईंनी वरच्या पायऱ्यासुद्धा करू नयेत. देवळासमोर बसायला छान जागा आहे.

हेदवीची बामणघळ नेमकी उलट. खडकातल्या अरुंद भेगेत लाट शिरून उंच उडते, पण ती भरतीलाच. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी फट दिसेल आणि मुलगा विचारेल की हेच का. भरतीच्या तासभर आधी पोचा, उधाण असेल तर आणखी उत्तम. भेगेच्या काठावर मात्र उभं राहायचं नाही, कातळ ओला असतो.

पोहायचं तर भरती चढत असताना, कमरेइतक्या पाण्यात. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. गणपतीपुळ्याला तर पाणी शांत दिसलं तरी मुलाला गुडघ्यापुढे सोडू नका, तिथे बुडण्याचे प्रकार दरवर्षी होतात. लाटांच्या रांगेत मध्येच एक पट्टा फेस नसलेला, गुळगुळीत दिसतो. लोक तीच सुरक्षित जागा समजून तिथे उतरतात. प्रत्यक्षात परतणारं पाणी तिथूनच समुद्रात जात असतं.

मुळामुठेकाठचा

पाऊणकी (पाऊणचा पाढा) शाळेत कुणी अशी शिकवली असती तर! वेंगुर्ला रद्द. आता सेडान आणि पुळणीचं कुणी सांगेल का? आणि जेवणाचं?

जांभा आणि ग्रीस

सेडान चढते, चढवायची पद्धत आहे. अडचण येते ओहोटीच्या वेळी. पाणी खाली गेलं की जेटीचा उतार लांब आणि शेवाळलेला उघडा पडतो, आणि उतार व बोटीची लोखंडी फळी यांच्यात कोन तयार होतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी बसलेली असेल तर पुढचा बंपर किंवा पोट तिथे घासतं. म्हणून माणसं आधीच उतरवा, तसंही बोटीत चालतच जायचं असतं. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट न दाबता, किंचित तिरकं चढवा म्हणजे एका वेळी एकच चाक फळीवर येतं. मध्ये ब्रेक मारू नका, ओल्या शेवाळावर गाडी मागे घसरते. बोटीवरची माणसं कधी कधी उलटी चढवायला लावतात, तेव्हा आरशापेक्षा त्यांच्या हाताकडे लक्ष द्या. लावल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद.

पुळणीवर गाडी: नाही. ओली कडक वाळू डांबरासारखी वाटते, पण वळताना वेग कमी झाला की पुढची चाकं कोरड्या वाळूत जातात आणि खेळ संपतो. वर भरती चढत असते. शिवाय वेळास, आंजर्ले भागात याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. मुलाला हे सांगितलंत तर हट्ट सुटेल. (पिल्लं बाहेर यायचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी अखेर ते एप्रिल, त्यामुळे जानेवारीत दिसतीलच असं आश्वासन त्याला देऊ नका.)

गावातल्या वाळूच्या वाटेवरही चाक रुततं, तेव्हासाठी: ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, प्रत्येक फेऱ्याला चाक दोन बोटं खाली जातं. माणसं उतरवा. पुढच्या दोन्ही चाकांची हवा १८ पीएसआयपर्यंत सोडा, चाकासमोरची वाळू हाताने उकरून उतार करा, माडाच्या झावळ्या देठाकडची बाजू चाकाखाली घालून पसरा, चाकं सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा. ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोर बंपरला किंवा सस्पेन्शनला बांधू देऊ नका. डिकीत जॅकसोबत एक गोल कडी असलेला जाड बोल्ट असतो. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून तो आत फिरवायचा, दोर त्याला. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, घरीच एकदा लावून बघा. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेगात चालवायचं नाही, म्हणून बाराव्होल्टचा छोटा पंप जवळ हवा.

पेट्रोल अर्ध्याखाली गेलं की भरा: श्रीवर्धन, दापोली, गुहागर. मधल्या गावांत पंप शोधत फिरू नका. पंक्चरवाला संध्याकाळी सातनंतर मिळत नाही, स्टेपनीची हवा निघण्याआधी तपासा. ताम्हिणी उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. साइडपट्टी कुठे वीतभर खाली असते ते दिसत नाही आणि गुरं रस्त्यावरच बसतात. घरी आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवून घ्या, खारं पाणी आणि वाळू सायलेन्सर खातात.

सुका बांगडा

वर सगळं बरोबर, पण माझं मत वेगळं. सत्तरीची माणसं आणि जड सेडान असेल तर तीन फेऱ्यांपेक्षा दक्षिणेचा अर्धा भाग बरा. रत्नागिरी, पावस, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण: सगळीकडे पूल. देवगड ते कुणकेश्वर मिठमुंबरीच्या पुलावरून आठेक किलोमीटर. परत येताना कसाल, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर. राधानगरीचा रस्ता उजेडातच ओलांडा, गवे आडवे येतात. पुण्याहून जाण्यायेण्याचे दोन दिवस मात्र पूर्ण जातात, म्हणून उत्तरेचंच ठरवलंत तर चूक म्हणणार नाही.

मुक्काम ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गाडी अंगणात येते का की पाखाडीवरून (दगडी पायवाटेने) सामान न्यायचं. वाडीतली बरीच घरं रस्त्यापासून पाखाडीने आत असतात, आणि ते जागेवर गेल्यावर कळतं.

जेवण आधी सांगावं लागतं, हॉटेलसारखं तयार नसतं. रात्रीचं दुपारी तीनच्या आत, मोदक आदल्या दिवशी. केळशी, गुहागरला आईंना घरगुती शाकाहारी उत्तम मिळेल, पण त्यातल्या बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. बाबांसाठी दुपारचं जेवण बाहेर खानावळीत, रात्रीचं घरी, अशी वाटणी करा. हर्णैच्या लिलावात टोपलीने विकतात, किरकोळ हवं असेल तर बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडे जा आणि शिजवून देणारं घर आधी ठरवून ठेवा. रोख पैसे पन्नास-शंभरच्या नोटांत ठेवा, खाडीकाठी रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

आणि जानेवारीत दिवेआगरला असाल तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, सोडू नका. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, जाडं मीठ, हवी तर मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवतात, अर्ध्या तासाने वर पाणी शिंपडतात, चर्र होऊन लगेच उडालं की झाली. आईंसाठी कोंबडीशिवाय वेगळं मडकं लावायला सांगा. पाला सकाळीच आणावा लागतो, तेव्हा पुण्याहून निघायच्या आदल्या रात्री मालकाला फोन करून ठेवा.