लोकप्रशासनात एम.ए. केल्याचा सरकारी नोकरीला नक्की उपयोग काय?

सुमेध_लातूर
यंदा बी.कॉम. झालं. राज्यसेवेची तयारी करायची आहे. घरचे म्हणतात, नुसता अभ्यास करत बसू नकोस, सोबत एम.ए. तरी कर. लोकप्रशासन घ्यावं असं डोक्यात आहे. भरतीत त्या पदवीला काही वजन असतं का? आणि तिथे कामाचं काही शिकवतात, की सगळं वेबर-टेलर अशा जुन्या विचारवंतांचे सिद्धान्तच?

नस्तीबहाद्दर
वजन शून्य. राज्यसेवा असो की यूपीएससी, किमान अर्हता कोणत्याही शाखेची पदवी. एम.ए.चा एकही गुण वाढून मिळत नाही. पदवी थेट कामी येते ती प्राध्यापकीसाठी (खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट).

फायदा होतो तो अभ्यासक्रमाचा. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. वैकल्पिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर, म्हणजे गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या १७५० पैकी ५००. लोकप्रशासन घेतलंत तर सामान्य अध्ययनातला राज्यकारभाराचा भाग बराचसा होऊन जातो आणि नीतिशास्त्रालाही हात लागतो.

मुलं मार खातात ती उत्तराच्या बांध्यात. विद्यापीठात चार पानं लिहायची सवय लागते. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनात तीन तासांत २० प्रश्न असतात, १० गुणांना १५० शब्द आणि १५ गुणांना २५०. म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटं. त्यातली दोन सायमनसारख्या विचारवंताची व्याख्या लिहिण्यात गेली की पुढे आपल्या जिल्हा परिषदेचं उदाहरण द्यायला जागाच उरत नाही, आणि गुण तर तिथेच असतात.

कारकून क्र. ७
वेबर-टेलरला नावं ठेवू नका, उतरंड आणि लेखी नोंद कशासाठी हे कळल्याशिवाय नस्ती (फाईल) पाच टेबलांवरून का फिरते ते कळत नाही. पण कामाचं म्हणाल तर वर्गात कमीच. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो वित्तीय प्रशासनाचा पेपर, आणि नोकरीत पहिल्या आठवड्यापासून लागतो तोच.

तुम्ही बी.कॉम. आहात, तर लेखाशीर्ष (सरकारी खर्च कोणत्या खात्यात मोडतो ते सांगणारा क्रमांक) वाचायला शिका. पहिले चार आकडे म्हणजे प्रधान शीर्ष. सुरुवात २ किंवा ३ ने असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ ने असेल तर भांडवली. २२१० मधून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पगार आणि औषधं, ४२१० मधून इमारत. रस्त्यांची देखभाल ३०५४, नवं बांधकाम ५०५४. इमारत उभी राहते आणि माणसं नसतात ती यामुळेच: पैसे दोन वेगळ्या शीर्षांतले, मंजुरीही वेगवेगळी, आणि पदनिर्मितीची फाईल इमारतीच्या फाईलसोबत चालत नाही. अर्थसंकल्पाची पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. एकाच विभागाची मागणी (त्याच्या खर्चाचा अर्थसंकल्पातला भाग) घेऊन बसा.

मृण्मयी_क
प्रबंधिकेबद्दल (एम.ए.च्या शेवटी लिहायचा छोटा प्रबंध) कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. 'सुशासन : एक अभ्यास' असले विषय घेऊ नका. एक जिल्हा, एक योजना, तीन वर्षांचा खर्च, एवढं पुरे.

त्यासाठीचे कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा १५०. 'सर्व योजनांची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत की अर्ज परत आलाच म्हणून समजा. योजनेचं नाव, वर्ष आणि हवा तो दस्तऐवज लिहा: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, कार्यारंभ आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून अर्ज तिसऱ्या सत्रातच टाका. चौथ्यात टाकून पहिलं अपील करायची वेळ आली तर प्रबंधिका लटकते.

आणखी एक खड्डा. जिल्हा वार्षिक योजनेतला जिल्हा परिषदेकडे गेलेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत खर्च करता येतो. त्याच वर्षाचा खर्च धरून 'निम्मा निधी पडून' असा निष्कर्ष काढला की तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला पंचाईत.

सुमेध_लातूर
धन्यवाद सगळ्यांना. मग रेग्युलर करू की बाहेरून?

नस्तीबहाद्दर
राज्यसेवाच पक्की असेल तर बाहेरून. इग्नूचं एम.ए. दोन ते चार वर्षांत संपवता येतं, पण स्वाध्याय (असाइनमेंट) वेळेत द्या, नाहीतर सत्रान्त परीक्षेचं गणित बिघडतं. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, त्यामुळे मराठीतून पेपर लिहिणार असाल तर परिभाषेची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्ग चांगला आणि प्राध्यापक शासनाचे कागद वाचायला लावणारे असतील, तरच रेग्युलर.

कारकून क्र. ७
महापालिका-नगरपालिका चालणार असेल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा एल.एस.जी.डी. पदविका अभ्यासक्रमही बघून ठेवा. काही महापालिकांच्या सेवाप्रवेश नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. फी भरण्याआधी ज्या महापालिकेत जायचंय तिचे नियम उघडून पदासमोरचा अर्हतेचा रकाना वाचा. क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.