मदत हवी आहे: हिपॅटायटिस सी आणि हृदयाची औषधं एकत्र (नाशिक)

पेशंट सिन्नरचे, वय 61. स्टेंट आहे, ठोके अनियमित. ॲमिओडॅरोन (ठोके नियमित ठेवणारं औषध) बंद करून 3 आठवडे झाले, मेटोप्रोलॉल (बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारं औषध) चालू आहे. आता हिपॅटायटिस सी साठी सोफोसबुविर 400 + वेल्पाटासवीर 100 ची 12 आठवड्यांची कोर्स-चिठ्ठी मिळालीय.

अडचण अशी की ॲमिओडॅरोन शरीरातून जायला महिने लागतात. त्यावर सोफोसबुविर पडलं की ठोके धोकादायक मंदावू शकतात, बीटा-ब्लॉकर असेल तर जास्तच. थांबणं शक्य नसेल तर पहिले 48 तास ॲडमिट करून मॉनिटर, मग किमान 2 आठवडे घरी रोज नाडी मोजायची. नाशिक रोड किंवा द्वारका परिसरात ही 48 तासांची सोय माफक खर्चात कुठे होईल? लिव्हर आणि हृदय दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं ठिकाण हवं, नाहीतर दोन फाइली दोन दिशांना!

रोसुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) 20 चं 10 वर आणायला सांगितलंय. पॅन्टोप्राझोलचा (ॲसिडिटीची गोळी) प्रश्न उरतो: आम्ल कमी झालं की वेल्पाटासवीर नीट शोषलं जात नाही. स्टेंटवाल्यांचं पॅन्टोप्राझोल तुमच्याकडे बंद करतात की वेळ बदलतात?

एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची तपासणी) निगेटिव्ह आहे.