‘लेबल्ड ग्लुकोज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ती : कर्करोगाच्या पेशी साखर कशी वापरतात यावरचा लेख मराठीत करते आहे. ‘स्थिर समस्थानिक-चिन्हांकित ग्लुकोज’ लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, ‘हे किरणोत्सारी असतं का?’ शिवाय ‘ट्रेसर’ला, म्हणजे माग काढण्यासाठी वापरलेल्या अशा पदार्थाला, ‘अनुरेखक’ चालेल?

जैवरसायनवाला : ‘समस्थानिक’ म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, आणि ‘स्थिर’ म्हणजेच किरणोत्सार नाही. कार्बन-१३ निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के असतोच, तुमच्या चहातल्या साखरेतही. ‘चिन्हांकित’ म्हटलं की वरून शिक्का मारल्यासारखं वाटतं. इथे बाहेरून काही चिकटवलेलं नसतं, अणूच एका न्यूट्रॉनने जड. पेशी ते नेहमीच्या ग्लुकोजसारखंच वापरते, फरक वस्तुमान-वर्णपटमापकाला, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राला, कळतो. मी पहिल्यांदा ‘कार्बन-१३ असलेलं ग्लुकोज’ लिहितो, पुढे नुसतं ‘खुणेचं ग्लुकोज’.

जुना भाषांतरकार : ‘खुणेचं’ झकास! ‘अनुरेखक’ मात्र नको, ते सरकारी खात्यात नकाशे गिरवणाऱ्याचं पद आहे. मला ‘मागदर्शक’ सुचलं होतं, पण मुद्रितशोधक त्याचा ‘मार्गदर्शक’ करणारच. क्रियापदच वापरा : माग काढणे.

प्रश्नकर्ती : पण लेखात ग्लुकोजच्या नावाआधी ‘१,२’ असे आकडेही आहेत. ते गाळले तर?

जैवरसायनवाला : अजिबात गाळू नका, सगळी गंमत तिथेच आहे. खूण फक्त पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनवर असते. ग्लुकोज ग्लायकोलिसिसने, म्हणजे साखर फोडण्याच्या मुख्य वाटेने, फुटलं, तर तयार होणाऱ्या लॅक्टेटच्या (लॅक्टिक आम्लाच्या रूपाच्या) दोन रेणूंपैकी एकात दोन्ही खुणा येतात, ते दोन एककांनी जड भरतं. पेंटोज फॉस्फेट मार्ग या दुसऱ्या वाटेने गेलं, तर पहिला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो आणि एकाच एककाने जड लॅक्टेट मिळतं. दोन्हींचं प्रमाण पाहून कोणत्या वाटेने किती साखर गेली याचा अंदाज बांधतात. म्हणून ‘पहिल्या-दुसऱ्या कार्बनवर खूण असलेलं’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहा.

जुना भाषांतरकार : ‘मेटाबॉलिझम’साठीच्या ‘चयापचय’ला हात लावू नका. चय म्हणजे साठणं, अपचय म्हणजे झिजणं. १९३५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शोनहायमर आणि रिटेनबर्ग यांनी ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) खूण असलेली चरबी उंदरांना देऊन माग काढायला सुरुवात केली. साठवलेली चरबीही सतत बदलत असते, हे त्यातूनच कळलं. जोडशब्द अगदी चपखल बसतो.

प्रश्नकर्ती : आणि ‘एनरिचमेंट’? ‘समृद्धी’ लिहिलं तर वाचकांना महामार्ग आठवेल.

जैवरसायनवाला : ‘कार्बन-१३चं प्रमाण’. टक्केवारीच असते ती.