मदत हवी आहे: मॅच बंद पडली, शुक्रवारपर्यंत खुलासा द्यायचाय, आमची टीम बाद होईल का?

तेरा नंबर (मंगळवार, रात्री ११:१२)
रविवारी फुटबॉलची क्वार्टर फायनल होती, ८ मिनिटं राहिली असताना मॅच बंद पडली. आमचा गोल झाला होता, लाइन्समननं ऑफसाइडचा झेंडा वर केला, त्यावरून बाचाबाची झाली आणि गर्दीतला एकजण त्याच्या अंगावर धावून गेला, झेंडा ओढला, मग पंचांनी मॅच थांबवली ती थांबवलीच. आता कमिटीचा मेसेज आलाय, शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत लेखी खुलासा द्या, नाही पटला तर समोरच्या टीमला पुढे चाल. पोरं दोन महिने पहाटे साडेपाचला उठून प्रॅक्टिसला येतायत, त्यांनी कुणाला बोट लावलेलं नाही, मग त्यांना काढणं हा कुठला न्याय? खुलाशाचा फॉरमॅट असेल तर लगेच टाका. नियम काय सांगतो तेवढंच सांगा, लांबण नको.

शिट्टी (मंगळवार, रात्री ११:४०)
मी बरीच वर्षं पंच होतो, गुडघ्यानं दगा दिला म्हणून सोडलं. उत्तर देतो, पण आधी हे सांगा: वयोगट कुठला? स्कोअर काय होता? स्पर्धेची छापील नियमावली मिळालीय का? आणि तो माणूस कोण?

तेरा नंबर (मंगळवार, रात्री ११:४८)
सर वयोगटाचा काय संबंध, १३ वर्षांखालचे आहेत. गाव कोल्हापूर. आम्ही २-१ नी मागे होतो, तो गोल धरला असता तर २-२. नियमावली एक पान आहे, त्यात एवढंच लिहिलंय की गैरवर्तन झाल्यास कमिटीचा निर्णय अंतिम. माणूस प्रेक्षकातला. फॉरमॅट?

पेठेतला बॅक (बुधवार, सकाळी ७:०५)
भावा खुलासा बिलासा देत बसू नको, आधी त्यांच्यावर उलटा प्रोटेस्ट ठोक. गोलचा व्हिडिओ कुणी ना कुणी काढलाच असणार, पालकांच्या ग्रुपवर माग, ऑफसाइड नव्हता हे दिसलं की कमिटीची बोलती बंद. आमच्या वेळी आम्ही असंच केलेलं आणि मॅच परत खेळवली होती. गप्प बसलात की तुमच्यावरच शेकणार.

शिट्टी (बुधवार, सकाळी ८:३०)
बॅकराव, हा सल्ला टीमला बुडवेल. फुटबॉलच्या नियमपुस्तकात, पाचव्या नियमात स्वच्छ लिहिलंय, खेळातल्या घटनेवर पंचाचा निर्णय अंतिम, त्यात गोल झाला की नाही हेही आलं. व्हिडिओ दाखवून ऑफसाइड बदलत नसतो, आणि कमिटीनं ऑफसाइडबद्दल विचारलेलंच नाही, विचारलंय ते झेंडा ओढल्याबद्दल. खुलाशात ऑफसाइडचं रडगाणं आलं की वाचणारा म्हणणार, यांना अजून चूक कळलेली नाही.
आता तुमच्या प्रश्नाचं. सातवा नियम म्हणतो, अर्धवट सोडलेली मॅच पुन्हा खेळवायची, मात्र स्पर्धेच्या नियमात किंवा आयोजकांनी वेगळं ठरवलं असेल तर ते लागू. म्हणजे चेंडू कमिटीच्या कोर्टात आहे. पुन्हा पहिल्यापासून, उरलेली ८ मिनिटं, किंवा त्यांना पुढे चाल, यातलं काहीही ते करू शकतात. म्हणूनच परत विचारतो, तो माणूस कोण? आणि पंचांनी काही कार्ड दाखवलं का?

पेठेतला बॅक (बुधवार, सकाळी ८:५२)
पुस्तकं आम्हाला पण वाचता येतात सर. पंचांनी चुका करायच्या आणि पब्लिकनं टाळ्या वाजवायच्या का? कोल्हापुरात फुटबॉल पब्लिकमुळं जगलंय. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, ही नावं तालमींची आहेत, कुस्तीच्या मातीतनं फुटबॉल उभं राहिलंय इथं. शाहू स्टेडियमवर फायनलला जाऊन बघा, दुपारच्या उन्हात हजारो माणसं दगडी पायरीवर बसत्यात. ती गप्प बसली तर ते फुटबॉल कसलं!

स्ट्रायकरची आई (बुधवार, सकाळी ९:१५)
ओरडणं आणि मुलांच्या मॅचमध्ये कुणाच्या अंगावर जाणं यात फरक आहे हो दादा. शाहू स्टेडियमवर मोठी माणसं खेळतात. इथं बारा वर्षांची पोरं आहेत. माझा मुलगा गेल्या वर्षी एका मॅचला फ्री किक मारायला उभा राहिला आणि टचलाइनवरून एकाच वेळी तिघं ओरडत होते, एक म्हणतो उंच मार, एक म्हणतो पास दे, आणि तिसरे त्याचे बाबा. त्यानं चेंडूकडे बघायचं सोडून बाहेर बघितलं. किक गेली कुठल्या कुठं. घरी येताना गाडीवर मागे बसून म्हणाला, बाबांना उद्यापासून नको आणूस. तेव्हापासून आम्ही दोघं गोलच्या मागे लांब झाडाखाली बसतो.
तेरा नंबर, त्या दिवशी तुमच्या पोरांचं काय झालं ते कुणी विचारलंच नाही. ती घाबरली होती का?

कूपरेज (बुधवार, सकाळी १०:०२)
पब्लिकचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून चालायचा, माझे वडील कूपरेज मैदानावर कलकत्त्याच्या टीमा बघायला जायचे, मोहन बागान, ईस्ट बंगाल. मॅच संपल्यावर घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये वाद चालायचे पण मैदानात कुणी पाऊल ठेवलं नाही असं ते सांगायचे. ती शिस्त गेली. कपच बंद झाला.

थेम्सकाठचा (बुधवार, दुपारी ३:२०)
मी सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये. मुलगी दहा वर्षांखालच्या टीममध्ये खेळते. इकडे २००८ पासून फुटबॉल असोसिएशनची रिस्पेक्ट मोहीम आहे. मैदानाच्या एका बाजूला दोरी किंवा पट्टी बांधतात, पालक तिच्या मागे, आणि दोन्ही टीमचे कोच समोरच्या बाजूला. एवढ्या साध्या गोष्टीनं निम्मा त्रास कमी होतो, कारण पालकाला कोचच्या कानाशी लागता येत नाही आणि लाइन्समनच्या पाठीवर श्वास सोडता येत नाही. हौशी मॅचमध्ये पंचाशी हुज्जत घातली की खेळाडूला १० मिनिटं बाहेर बसवतात, २०२३ मध्ये तर पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून बघायला सुरुवात केली. तुमच्या कमिटीला पत्रात हे सुचवा.

पेठेतला बॅक (बुधवार, दुपारी ३:४४)
साहेब तिकडं पंचाच्या छातीला कॅमेरा लावायची पाळी आली म्हणजे तिकडं पण सगळं गोडीगुलाबीनं चालत नाही. इथं दोरी बांधायला खांब कोण रोवणार? ग्राउंड भाड्यानं दोन तास मिळतंय.

थेम्सकाठचा (बुधवार, दुपारी ४:१०)
चालत नाहीच, म्हणून तर करावं लागलं. खांब नको, चार खुर्च्या आणि सुतळी पुरते.

वकीलदादा (बुधवार, संध्याकाळी ६:३०)
खुलासा प्रतिज्ञापत्रावर द्या. आता ५०० चा स्टॅम्प लागतो, नोटरी करून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या. उद्या विषय वाढला तर उपयोग होईल.

स्ट्रायकरची आई (बुधवार, संध्याकाळी ६:४१)
तेरा वर्षांखालच्या मॅचसाठी नोटरी? साध्या कागदावर खरं लिहिलं तरी पुरे की.

रंकाळा सायंकाळ (बुधवार, संध्याकाळी ७:००)
या वयात पोरांना लोखंडी स्टड देऊ नका, मोल्डेड सोलचे बूट घ्या, टाच दुखत नाही. माझ्या पुतण्याला फरक पडला.

तेरा नंबर (बुधवार, रात्री ८:१५)
बूट कुणी विचारले नाहीत, प्लीज विषयावर या, उद्याचा एकच दिवस हातात आहे. ताई, पोरं घाबरली होती हो. आमचा गोलकीपर ग्लोव्हज काढून गोलपोस्टला टेकून बसला होता, त्याला उठवायला दोनदा हाक मारावी लागली.
शिट्टी सर, पंचांनी त्या माणसाला लाल कार्ड दाखवलं. पण प्रेक्षकाला लाल कार्ड दाखवता येतं का? हाच मुद्दा मी खुलाशात घेणार आहे, की पंचांनाच नियम माहीत नाही.

शिट्टी (बुधवार, रात्री ८:५०)
थांबा. हा मुद्दा अजिबात घेऊ नका.
प्रेक्षकाला कार्ड दाखवत नाहीत, बरोबर. तो बाहेरचा माणूस, त्याला मैदानाबाहेर काढायचं, एवढंच. पण टीमच्या यादीत ज्याचं नाव आहे, कोच, मॅनेजर, पाणी देणारा, कुणीही, त्याला २०१९ पासून पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. पंचांशी भांडायला मैदानात शिरणं, आक्रमक वागणं, याला थेट लाल. पंचांनी कार्ड काढलं याचा अर्थ त्यांच्या हातातल्या कागदावर त्या माणसाचं नाव होतं. आणि हे त्यांच्या रिपोर्टमध्येही गेलेलं असणार.
तिसऱ्यांदा विचारतो. कोण आहे तो?

तेरा नंबर (बुधवार, रात्री ११:५५)
माझा मोठा भाऊ.
पुतण्या टीमचा सात नंबर, तो गोल त्याचाच. फॉर्मवर कोच सोडून दोन नावं मागितली होती, एक माझं मॅनेजर म्हणून, दुसरं कोण लिहायचं म्हणून दादाचं लिहिलं, सहायक असं. तो तसा बेंचवर नसतो, पण त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या भरायला माणूस नव्हता म्हणून त्याला मीच आत बोलावलं होतं. मी प्रेक्षक लिहिलं कारण आम्ही सगळे त्याला तसंच धरतो. खोटं बोलायचं नव्हतं सर.
आणि अजून एक. झेंडा ओढताना त्या लाइन्समन पोराच्या अंगठ्याचं नख उचकटलं, रक्त आलं. कॉलेजचा पोरगा आहे, सतरा-अठराचा असेल. दादानं मारलं नाही, पण लागलं.

पेठेतला बॅक (गुरुवार, सकाळी ६:४०)
हे आधी सांगायचं होतंस की. मी प्रोटेस्ट कर म्हटलं ते मागं घेतो. पोराला लागलं असेल तर तिथं आधी जा.

शिट्टी (गुरुवार, सकाळी ७:१०)
तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. आता खुलासा लिहिणं सोपं आहे. फॉरमॅट वगैरे काही नसतो. तारीख, मॅच, कितव्या मिनिटाला काय झालं, कुणी केलं, ते टीमच्या यादीत कोण आहेत, पोराला काय लागलं, तुम्ही बेंचवर होतात तर तुम्ही काय केलंत किंवा काय करायचं राहिलं. मग टीमनं स्वतः काय कारवाई केली ते. कमिटी सांगायच्या आधी तुम्हीच तुमच्या भावाचं नाव यादीतून काढा. शेवटी एकच विनंती, मुलांना मैदानात निकाल लागू द्या. ऑफसाइड हा शब्दच नको.
एक मात्र सांगतो, मीही लाइनवर सुरुवात केली ती त्याच वयात. पहिल्या वर्षी माझ्या पाठीत मातीचं ढेकूळ बसलं होतं. ज्यानं मारलं तो नंतर भेटायला आला असता तर मला बरं वाटलं असतं. लाइनला उभी राहणारी पोरं मिळत नाहीत आता, आणि मिळतात ती एका हंगामात सोडतात.

कूपरेज (गुरुवार, सकाळी ९:३०)
कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये गोल केला ना? असे खेळाडू घडायचे तर पालकांनी लांबच राहावं.

पेठेतला बॅक (गुरुवार, सकाळी ९:४८)
अनिकेत होता टीममध्ये, पण गोल जिक्सन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध, दिल्लीत. भारतानं त्या स्पर्धेत केलेला तो एकच गोल. अनिकेत आमचाच आहे म्हणून चुकीचं कसं चालेल.

तेरा नंबर (शुक्रवार, रात्री ९:३५)
सगळ्यांना एकदम लिहितोय.
काल संध्याकाळी मी आणि दादा त्या पोराच्या घरी गेलो. दादा सकाळपासून नाही म्हणत होता, शेवटी पुतण्यानं सांगितलं तू नाही गेलास तर मी रविवारी खेळत नाही, मग उठला. पोराच्या अंगठ्याला पट्टी होती. त्याच्या आईनं आत बोलावलं, पाणी दिलं, पण बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दादानं हात जोडून माफी मागितली. पोरगा म्हणाला, काका, गोल ऑफसाइडच होता, पास सुटला तेव्हा सात नंबर शेवटच्या बॅकच्या पुढं होता, मी बरोबर रेषेत उभा होतो. दादानं ऐकून घेतलं. परत येताना गाडीवर एवढंच म्हणाला, मला तिथनं दिसतच नव्हतं.
खुलासा शिट्टी सरांनी सांगितला तसा दीड पान, साध्या कागदावर, दादाची पण सही. मी बाटल्यांसाठी त्याला आत बोलावलं आणि तो उठला तेव्हा मी त्याचा दंड धरला नाही, हेही लिहिलं.
कमिटीनं आज सव्वासातला निर्णय कळवला. दादाला या हंगामात एकाही मॅचला मैदानात प्रवेश नाही. टीमला ताकीद. आणि उरलेली ८ मिनिटं उद्या सकाळी ७ ला खेळवायची, स्कोअर २-१ धरून, सुरुवात त्यांच्या इनडायरेक्ट फ्री किकनं, कारण ऑफसाइड कायम. मला मान्य आहे. पोरांना सांगितलं तर गोलकीपरनं पहिलं विचारलं, ग्लोव्हज कुठं आहेत.
लाइनवर उद्या तोच पोरगा आहे. पंचांनी विचारलं होतं, तो हो म्हणाला.
आता शेवटची मदत. थेम्सकाठचे दादा म्हणाले तशी मी कमिटीकडून परवानगी घेतलीय, टचलाइनच्या मागे तीन पावलांवर दुसरी रेषा मारायची, पालक तिच्या मागे, दोन्ही टीमचे. सुतळी आहे, खुर्च्या शेजारच्या मंडळाकडून मिळाल्या. फक्की नाही. दुकानं बंद झालीत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ भागात कुणाकडे अर्धं पोतं आहे का? पैसे देतो.

पेठेतला बॅक (शुक्रवार, रात्री ९:५२)
आमच्या मंडळात पाऊण पोतं पडून आहे, आणि रेषा मारायचा डबा पण. पैसे नको. सहाला ग्राउंडवर येतो, गेट उघडं ठेवायला सांग.